वितळताना नेमकं काय तुटतं?

कळव्याहून अकरावीतल्या एका मुलीने विचारलं आहे: "आयनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉन देणं-घेणं आणि सहसंयुज बंध म्हणजे वाटून घेणं, हे दहावीपासून पाठ आहे. विद्युतऋणतेतला (म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीतला) फरक १.७ पेक्षा जास्त तर आयनिक, कमी तर सहसंयुज, हेही पाठ आहे. पण क्लासमध्ये सरांनी हायड्रोजन फ्लोराइड दिलं. फरक १.७८ येतो, म्हणून मी आयनिक लिहिलं, आणि ते चूक निघालं. मग नियम चुकला की मी? आणि सहसंयुज बंध दुबळे असतात म्हणून साखर लवकर वितळते म्हणतात, तर हिरा का वितळत नाही?"

अगं, तू चुकली नाहीस. नियमच तेवढा पक्का नाही. आणि तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत तीस वर्षं काढली, आधी प्रयोगशाळेत आणि मग प्लँटवर. आता संध्याकाळी सोसायटीतली चार मुलं माझ्याकडे रसायनशास्त्र घेऊन बसतात. त्या सगळ्यांना तो 'फरक स्पष्ट करा'चा तक्ता तोंडपाठ असतो: आयनिक संयुगांचे द्रवणांक जास्त, सहसंयुजांचे कमी, ही पाण्यात विरघळतात, ती विरघळत नाहीत, ही वीज वाहून नेतात, ती नेत नाहीत. परीक्षेत तो तक्ता जरूर लिही, गुण त्याचेच आहेत. पण एक गोष्ट नीट बघ. तक्त्याच्या डोक्यावर नाव असतं बंधाचं आणि खालच्या ओळींत गुणधर्म असतात पदार्थाचे. बंध दोन अणूंमधला असतो. द्रवणांक अख्ख्या ढिगाचा असतो. या दोघांच्या मध्ये एक पायरी आहे आणि ती पायरी तक्त्यात नाही. तुझा सगळा गोंधळ त्या गाळलेल्या पायरीचा आहे.

ती पायरी म्हणजे एकच प्रश्न: हा पदार्थ वितळताना नेमकं काय तुटतं?

साखर घे. साखरेच्या एका रेणूत पंचेचाळीस अणू असतात, बारा कार्बनचे, बावीस हायड्रोजनचे, अकरा ऑक्सिजनचे, आणि ते सगळे एकमेकांना सहसंयुज बंधांनी पक्के बांधलेले असतात. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते तेव्हा त्या पंचेचाळीसपैकी एकही अणू आपल्या रेणूतून सुटत नाही. सुटतात ते रेणू, एकमेकांपासून. त्यांना शेजारी-शेजारी धरून ठेवणारी ओढ बंधाच्या मानाने फार हलकी असते. पोळ्यांची चळत उपसताना पोळी फाटत नाही, तसं.

यावर पाण्याचा आकडा सगळ्यात बोलका. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक बंध तोडायला एका मोलमागे (मोल म्हणजे डझनासारखं, पण रेणू मोजायचं अवाढव्य माप) सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात. आणि एक मोल पाण्याची वाफ करायला लागतात सुमारे ४१. इडलीच्या भांड्यातून बाहेर येणारी वाफ हे पाणीच असतं. उकळताना बंध तुटत असते तर वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले असते आणि कुठल्याच स्वयंपाकघरात इडली झाली नसती. तेव्हा 'सहसंयुज बंध दुबळे' हे वाक्य वहीतून खोडून टाक. दुबळी असते ती रेणूंमधली ओढ. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला ९४५ किलोज्यूल लागतात, तरी नायट्रोजन उणे १९६ अंशांनाच उकळतो. दोन्ही आकडे एकाच वायूचे आहेत.

साखर मात्र फार वेळ शांत बसत नाही. आच थोडी वाढली की ती पिवळी, मग तांबूस होते, वास सुटतो. आपण त्याला कॅरॅमल म्हणतो. तिथे मात्र रेणूंच्या आतले सहसंयुज बंध खरोखर तुटत असतात, पाणी बाहेर पडत असतं. म्हणून कॅरॅमल थंड केल्यावर पुन्हा साखर होत नाही.

आता हिरा. हिऱ्यात रेणूच नाही. प्रत्येक कार्बन चार कार्बनना बांधलेला, ते चार आणखी दुसऱ्यांना, आणि असं करत करत अख्खा खडा म्हणजे एकच अवाढव्य जाळं. तिथे 'रेणू एकमेकांपासून सुटले' असं म्हणायला रेणू आहेतच कुठे? वितळवायचं तर कार्बन-कार्बन बंधच तोडावे लागतात. हवा काढून साध्या दाबाखाली प्रचंड तापवला तर हिरा वितळत नाहीच, त्याचं ग्रॅफाइट होऊन जातं. वाळूतलं सिलिकाही असंच जाळं आहे, ते सुमारे १७०० अंशांपर्यंत तग धरतं.

आणि देवघरातली मेणबत्ती बघ. तिच्या मेणातही कार्बन-कार्बन सहसंयुज बंधच आहेत, जवळजवळ हिऱ्यातल्यासारखेच. मेण साठेक अंशांना पातळ होतं. बंध तोच, पण एकाचं जाळं झालंय आणि दुसऱ्याच्या सुट्या साखळ्या राहिल्यात. तुझ्या सरांनी पुन्हा विचारलं तर मेण आणि हिरा ही जोडी सांग.

आता मीठ. ठाण्याहून मुंबईकडे पूर्व द्रुतगती मार्गाने जाताना मुलुंड संपलं की डावीकडे खाडीच्या अंगाला मिठागरं दिसतात. आता बरीचशी ओस पडली आहेत, पण माझ्या लहानपणी पांढरे ढीग रांगेने उभे असायचे. तिथे निसर्ग आपला अख्खा धडा मांडून बसलेला असतो. खाडीचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवतात, ऊन आणि वारा पाणी उडवतात. आधी कॅल्शिअम सल्फेट, म्हणजे जिप्सम, तळाशी बसतं. मग मिठाचे चौकोनी खडे येतात. शेवटी जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशिअमचे क्षार असतात. खडे मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ना, तो त्या चिकटून आलेल्या मॅग्नेशिअम क्लोराइडचा प्रताप. शुद्ध सोडिअम क्लोराइड इतकं पाझरत नाही.

त्या खड्यात सोडिअम क्लोराइडचा 'रेणू' शोधायला गेलीस तर सापडणार नाही. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन प्रभार आलेला अणू. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. कोणता क्लोराइड कोणत्या सोडिअमचा, हा प्रश्नच तिथे चालत नाही. १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी ही रचना दाखवली. ती अनेकांना पचली नाही. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनंतर, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात चिडून पत्र लिहिलं. मिठाला बुद्धिबळाच्या पटासारखं मांडणं त्याला रसायनशास्त्राचा अपमान वाटत होता. तेव्हा मिठात रेणू नसतो हे तुला खटकलं असेल तर तू मोठ्या माणसांच्या पंगतीत आहेस.

मीठ वितळवायचं तर ही सगळीकडून धरलेली ओढ सैल करावी लागते. मध्ये सोपा, दुबळा सांधा कुठेच नाही. म्हणून द्रवणांक ८०१ अंश. तव्यावर मीठ कितीही भाज, ते तडतडेल, पण वितळणार नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्ही बाजूंना दुहेरी प्रभार, शिवाय आयनही लहान. त्याचा द्रवणांक २८०० अंशांच्या वर जातो, म्हणून भट्टीच्या आतल्या विटांत ते वापरतात.

इथे आणखी एक लाडकं वाक्य मोडायचं आहे: 'सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो.' सोडिअमला काही द्यायचं नसतं. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला मोलमागे ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीन तो घेतो तेव्हा परत मिळतात ३४९. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात १४७ चा तोटा. त्याआधी घन सोडिअमचे अणू सुटे करायला १०७ आणि क्लोरीनचा रेणू फोडून एक अणू मिळवायला १२१ गेलेलेच असतात. जमाखर्च मांडलास तर खर्च ७२४ आणि जमा फक्त ३४९. असा व्यवहार कोणी का करेल? कारण शेवटी आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा एकदम ७८७ किलोज्यूल हाती पडतात. सगळा धंदा त्या एका जमेवर उभा आहे. अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होण्याची हौस वगैरे लहान वर्गांत ठीक आहे. अकरावीत हा हिशोब कर. आयनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉन देणं हे अर्धंच झालं. दिल्यानंतर तयार झालेल्या धन आणि ऋण आयनांची चारी बाजूंनी एकमेकांना असलेली ओढ, तो बंध.

खडे मीठ खलबत्त्यात ठेचून बघ. ते गुळासारखं चेपत नाही, सपाट पैलू पाडत फुटतं. घाव बसला की एक थर एका घराने सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि ज्या ओढीने स्फटिक उभा होता तीच उलटी होऊन त्याला फाडते.

सहसंयुज बंधाचं वागणं वेगळं. तिथे दोन अणूंची केंद्रकं एकाच इलेक्ट्रॉन-जोडीला आपापल्या बाजूने ओढत असतात आणि त्या जोडीपायी दोघं एकमेकांशी बांधले जातात. गिल्बर्ट लुईसने ही जोडीची कल्पना १९१६ मध्ये मांडली. त्याच वर्षी जर्मनीत कोसेलने आयनांची बाजू मांडली, आणि 'कोव्हॅलन्स' हा शब्द लँगम्यूरने १९१९ मध्ये आणला. या बंधाला दिशा असते. मिथेनमध्ये चार हायड्रोजन ठरलेल्या १०९.५ अंशांच्या कोनातच बसतात. आयनाला दिशा नसते, तो मिळेल त्या बाजूने शेजारी ओढतो. माझ्या मते हा फरक देण्याघेण्याच्या फरकाहून जास्त कामाचा, कारण रेणू का बनतात आणि स्फटिक का पसरत जातात हे त्यातूनच कळतं.

आता तुझं हायड्रोजन फ्लोराइड.

१.७ हा आकडा कुंपणासारखा वाचायचा नाही. आयनिक आणि सहसंयुज ही दोन घरं नाहीत, घाटातला एकच रस्ता आहे, आणि पॉलिंगने १९३२ मध्ये मांडलेली विद्युतऋणता त्या रस्त्यावरचे मैलाचे दगड दाखवते. मैलाच्या दगडावरून गाव ओळखायला जाशील तर फसशील. हायड्रोजन आणि फ्लोरीनमधला फरक १.७८, तरी हायड्रोजन फ्लोराइड साध्या दाबाला साडेएकोणीस अंशांनाच उकळतं. लिथिअम आणि हायड्रोजनमधला फरक १.२२, म्हणजे नियमाने सहसंयुज. प्रत्यक्षात लिथिअम हायड्राइड हा मिठासारखा घन पदार्थ, ६८९ अंशांच्या सुमाराला वितळतो. वितळलेल्यातून वीज सोडली तर हायड्रोजन धनाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीवर, निघतो. धनाग्रावर! म्हणजे त्यात हायड्रोजन ऋण आयन होऊन बसलेला असतो. याहून चोख साक्ष मिळणार नाही.

असं का? कारण फरकाइतकाच धन आयनाचा आकारही महत्त्वाचा. हायड्रोजनने आपला एकमेव इलेक्ट्रॉन सोडला तर उरतो उघडा प्रोटॉन, कुठल्याही आयनापेक्षा कितीतरी पटींनी लहान. एवढ्याशा जागेत अख्खा धन प्रभार. तो फ्लोराइडच्या इलेक्ट्रॉन-मेघाजवळ आला की त्यातच घुसतो, मेघ स्वतःकडे ओढून घेतो, आणि 'दिलेला' इलेक्ट्रॉन पुन्हा दोघांत वाटला जातो. लिथिअमचा आयन लहान असला तरी त्याला एक भरलेलं कवच आहे, तो असा घुसत नाही. हाच विचार फायान्स या रसायनशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये नियमांत बसवला: धन आयन जितका लहान आणि जास्त प्रभाराचा, ऋण आयन जितका मोठा आणि मऊ, तितका बंध सहसंयुजाकडे झुकतो.

रेणू किती ध्रुवीय आहे ते मोजून त्या रस्त्यावर कोण कुठे उभा आहे याचा अंदाज काढता येतो. हायड्रोजन क्लोराइड सुमारे १८ टक्के आयनिक, हायड्रोजन फ्लोराइड सुमारे ४१ टक्के. आणि वाफेतलं सोडिअम क्लोराइड, जिथे एक सोडिअम आणि एक क्लोरीन अशी जोडी खरंच असते, ते ८० टक्क्यांच्या आतबाहेर. शंभर टक्के कोणीच नाही. मीठसुद्धा नाही.

या रस्त्याच्या मधोमध उभा असलेला पदार्थ मी वर्षानुवर्षं हाताळला: निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड. धातू अधिक अधातू, म्हणजे आयनिक, असं पोरं डोळे मिटून लिहितात. ॲल्युमिनिअम फ्लोराइड बऱ्यापैकी तसं आहेच, ते जवळजवळ १३०० अंशांपर्यंत घन राहतं. क्लोराइड मात्र १८० अंशांच्या आसपास सरळ वाफ होऊन उडतं, आणि त्या वाफेत दोन ॲल्युमिनिअम आणि सहा क्लोरीनचे जोडरेणू असतात. दाबाखाली वितळवलं तर ते वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही, जे खऱ्या आयनिक पदार्थाने करायलाच हवं. लहानसा आयन, त्यावर तिहेरी प्रभार, समोर मोठा क्लोराइड: फायान्सचा नियम शब्दशः. जुलैतल्या दमट दुपारी रबाळ्याला त्याचा ड्रम उघडला की पांढरा धूर उसळायचा. हवेतल्या पाण्याशी भिडून हायड्रोजन क्लोराइड सुटायचं आणि घसा धरायचं. नवा हेल्पर विचारायचा, "साहेब, आग लागली का?" मीठ पावसाळ्यात फक्त ओलं होतं, हे पेटल्यासारखं धुमसतं. क्लोरीन दोघांतही आहे.

कारखान्यात आयनिक-सहसंयुज हा फरक ओळखायची माझी आवडती परीक्षा द्रवणांकाची नव्हे, सिल्व्हर नायट्रेटची. गाळणीवरचा माल पाण्याने धुताना तो 'क्लोराइड फ्री' झाला का हे बघायला खाली पडणाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकतात. क्लोराइड आयन शिल्लक असेल तर त्याच क्षणी दुधासारखी पांढरी गढुळी. आता तेच क्लोरोबेन्झिनबरोबर कर. त्यात वजनाने जवळजवळ एक तृतीयांश क्लोरीन आहे, पण गढुळी येत नाही. संध्याकाळपर्यंत थांबलीस तरी नाही. क्लोरीन आहे, क्लोराइड नाही. तो बेन्झिनच्या कड्याला सहसंयुज बंधाने जखडलेला आहे, चांदीला भेटायला मोकळा नाही.

यातूनच वेगाचा फरक येतो, आणि तो पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात याचं मला वाईट वाटतं. आयन पाण्यात आधीच सुटे फिरत असतात, भेटले की झालं. आम्ल-आम्लारी उदासिनीकरण थेंब पडताक्षणी होतं, तिथे अडचण फक्त निघणारी उष्णता आवरण्याची. उलट एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं संयुग, करायचं तर जुने सहसंयुज बंध तोडून नवे जोडायचे. आम्लाचं उत्प्रेरक घाला, उकळत ठेवा, तयार होणारं पाणी काढत राहा, तरी शिफ्ट संपते आणि रिअॅक्शन संपत नाही. रात्रपाळीला चहाचे किती कप होणार हे बॅच आयनांची आहे की सहसंयुज बंधांची यावर ठरायचं.

एक चूक सांगतो, माझीच. नव्वदच्या दशकातली गोष्ट, कारखान्याचं नाव नको. रिअॅक्टरच्या जॅकेटमधून, म्हणजे त्याला गरम ठेवायला बाहेरून असलेल्या वाफेच्या कवचातून, वाफेचं जे पाणी होऊन येतं, कंडेन्सेट, ते आम्ही बॉयलरला परत द्यायचो. ते स्वच्छ आहे का हे बघायला कंडक्टिव्हिटी मीटर होता. मीटर दहा मायक्रोसीमेन्सच्या आत दाखवत होता आणि मी सलग चार दिवस लॉगबुकवर 'ओके' लिहून सही करत होतो. पाचव्या दिवशी बॉयलरचा एक जुना ऑपरेटर येऊन म्हणाला, "साहेब, हॉटवेलला दारूसारखा वास येतोय." हॉटवेल म्हणजे ते कंडेन्सेट जिथे साठतं ती टाकी. जॅकेटच्या भिंतीला केसाएवढा तडा गेला होता. वाफ बंद केली की जॅकेटमध्ये पोकळी व्हायची आणि रिअॅक्टरमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं थोडं आत ओढलं जायचं. मीटर खोटं बोलत नव्हता. तो आयन मोजतो, आणि अल्कोहोलचा रेणू पाण्यात कितीही मिसळला तरी आयन देत नाही. मिठाची चिमूट पडली असती तर काटा उडाला असता. अल्कोहोल त्याला दिसतच नव्हतं. अकरावीत मी 'सहसंयुज संयुगे विद्युतवाहक नसतात' हे वाक्य नक्की लिहिलं होतं, गुणही मिळाले असतील. त्याचा अर्थ हॉटवेलपाशी नाक लावल्यावर कळला. त्यानंतर रोज कंडेन्सेटच्या नमुन्यात आम्ल आणि जांभळं परमँगनेट घालून, गरम करून, रंग उडतो का तेही बघायला लागलो.

ह्याच वाक्याची दुसरी, जास्त धोक्याची बाजू म्हणजे टोल्यूइन, कारखान्यात वापरतात तो ज्वलनशील द्रावक. ते वीज वाहून नेत नाही. म्हणून पाइपातून वेगाने वाहताना त्यात घर्षणाने जो स्थितिक प्रभार साठतो त्याला निघून जायला वाट मिळत नाही, आणि एक ठिणगी पुरते. त्यामुळे ड्रम रिकामा करताना ड्रम आणि भांडं तांब्याच्या पट्टीने जोडून जमिनीला अर्थिंग देतात. गंमत अशी की प्लँटवर या जोडण्यालाही 'बॉन्डिंग'च म्हणतात. मुलाखतीला आलेल्या एका पदवीधराला सेफ्टी ऑफिसरने "बॉन्डिंगचे प्रकार सांगा" म्हटल्यावर तो आयनिकपासून सुरू झाला होता.

आता तक्त्यातल्या दोन ओळी झटपट दुरुस्त करू. 'आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात': खडू विरघळत नाही, बेरिअम सल्फेट तर इतकं अविद्राव्य की पोटाच्या क्ष-किरण तपासणीसाठी ते रुग्णाला पाजतात. दोन्हींत आयन आहेत, पण त्यांची आपसातली ओढ पाण्याच्या ओढीला भारी पडते. 'सहसंयुज विरघळत नाहीत': चहातली साखर काय करते? फरक विरघळण्यात नाही, विरघळल्यावर पाण्यात काय फिरतं यात आहे. मिठाचे आयन फिरतात, साखरेचे अख्खे रेणू. आणि हायड्रोजन क्लोराइड दोन्हीकडचं आहे: कोरडा वायू रेणूंचा, टोल्यूइनमध्ये सोडला तरी रेणूंचाच, पाण्यात गेला की त्याचा प्रोटॉन पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि दोन आयन होतात. म्हणून 'एचसीएल कोणता?' असं कोणी विचारलं तर आधी विचार, कशात?

आणि एका पदार्थात एकच बंध असतो असंही धरून चालू नकोस. मोरचुदात तांब्याचा आयन आणि सल्फेट आयन यांच्यात आयनिक ओढ, पण सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी जोडलेले. नवसागरात, म्हणजे अमोनिअम क्लोराइडमध्ये, धातू औषधालाही नाही, तरी ते आयनिक. कपड्याच्या साबणाच्या रेणूचं डोकं आयनिक आणि शेपूट मेणासारखी लांब सहसंयुज साखळी. डोकं पाण्याकडे, शेपूट तेलकट मळाकडे. दोन वृत्ती एकाच अंगात आहेत म्हणून तर कपडे स्वच्छ निघतात.

हे सगळं वाचून कंटाळली असशील तर रविवारी एक प्रयोग कर. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर, दोन वायरी आणि दोन्ही टोकांना सोललेल्या दोन पेन्सिली. स्टेशनजवळच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडक्यात मिळेल. घरातल्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही, हे आईसमोर कबूल करून मगच सुरू कर. पेन्सिलींची शिसं वाटीत बुडव, एकमेकांना टेकू देऊ नकोस. आधी कोरडं मीठ: दिवा लागणार नाही, आयन आहेत पण जागेवर जखडलेले. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर: लागणार नाही. त्यात साखर: तरी नाही, तीन चमचे घातलेस तरी नाही. दुसऱ्या वाटीत तेच पाणी आणि चिमूटभर मीठ: लख्ख. शिसांपाशी बुडबुडे येतील आणि स्विमिंग पूलसारखा हलका वास, तो क्लोरीन. खिडकी उघडी ठेव आणि मिनिटभरात आवर. साध्या नळाच्या पाण्यातही दिवा थोडा मिणमिणेल, कारण त्यात क्षार असतातच.

शेवटी व्हिनेगर घे. दिवा लागेल, पण मिठाइतका लख्ख नाही. अॅसिटिक आम्ल हे रेणूंचं संयुग, मग दिवा लागलाच कसा, आणि लागला तर मंद का, हे तू लिहून पाठव.